मुलीच्या रिपोर्टमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी आलीय, घरचे म्हणतात थोडं थोडं दिलं की सवय होते. देऊ का?

नाही ताई, चिमूटभरही नाही. तुमच्या चार वर्षांच्या मुलीचे दाण्याची चटणी खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि रक्तात शेंगदाण्याचं आयजीई (ॲलर्जीत शरीर बनवतं ते प्रथिन) 6.2 आलं. एवढं असताना "काही व्हत नही" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. हा आकडा फक्त ॲलर्जी असण्याची शक्यता सांगतो, पुढची रिॲक्शन किती मोठी होईल ते सांगत नाही. त्यामुळे 6 म्हणजे सौम्य, हे गणित चूक आहे.

खरी लढाई स्वयंपाकघरात आहे. आपल्या खान्देशात दाणे वांग्याच्या भरितात, ठेच्यात, उपवासाच्या खिचडीत, तिळगुळात, आणि कित्येक घरी शेवभाजीच्या वाटणातही. ताटातून दाणे वेचून काढले म्हणजे झालं, असं नसतं. मिक्सरच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात कूट अडकून राहतो, म्हणून मुलीसाठी मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. दगडी खलबत्त्याच्या खाचा कितीही घासा, भरवसा धरू नका. दाणे भाजल्याने ॲलर्जी कमी होत नाही, उलट वाढू शकते. घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं उतरतात, ते तेल बंद करा. रिफाइंडमध्ये ती जवळजवळ नसतात, तरी डॉक्टरांना विचारूनच वापरा. दाणे खाल्लेले हात सॅनिटायझरने नाही, साबण-पाण्यानेच धुवायचे. पाकिटावर शेंगदाणा लिहिणं बंधनकारक आहे, पण सुट्या फरसाणाला कुठलं लेबल? आणि दाणे तळलेल्या कढईतली भजीसुद्धा नकोत.

"सवय लावणं" हा उपचार म्हणून आहे, पण तो मिलिग्रॅम मोजून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतो. सासूबाईंच्या चिमटीने नाही. लहान बाळांना लवकर दाण्याचा पदार्थ दिला तर ॲलर्जीचा धोका कमी होतो, हेही खरं; पण ते ॲलर्जी अजून न झालेल्या बाळांसाठी. तुमच्या मुलीला ती झालेली आहे.

ॲड्रेनलिन, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन आवरणारं इंजेक्शन, घरात हवंच. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून 1 मिलीत 1 मिग्रॅ असलेलं अँप्यूल (काचेची कुपी) आणि 1 मिलीची सिरिंज डॉक्टरांकडून लिहून घ्या, भरायलाही त्यांच्यासमोरच शिका. मात्रा किलोला 0.01 मिग्रॅ, म्हणजे 15 किलोला 0.15 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज नको, तिची सुई आखूड असते. दम लागला, आवाज बसला, पोर गळून गेलं तर थांबायचं नाही; इंजेक्शन द्या, आडवं झोपवा (दम असेल तर बसवा), 108 लावा. सिट्रिझिनने फक्त खाज थांबते. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात अँप्यूल गाडीच्या डिकीत ठेवू नका, रंग तपकिरी झाला की फेकून द्या.

एक राहिलं. रिपोर्टमध्ये दुसऱ्या पदार्थांपुढे पॉझिटिव्ह असेल आणि मुलगी ते आजवर बिनत्रास खात असेल, तर स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मोठेपणी जाईल का? दाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते. गेली की नाही हे दवाखान्यात खाऊ घालूनच ठरवायचं, घरी नाही.