नाल्यातला चौथरा आणि फुकटचा ड्रॉप

प्रश्न : दादा, मी लातूरचा. पोरगं दोन वर्षं झाली गोल्फ शिकतंय. मागच्या महिन्यात स्पर्धेत त्याचा बॉल हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्यांच्या आतल्या नाल्यात गेला, नाला ठणठणीत कोरडा, पण बॉल नेमका मोटारीच्या सिमेंटच्या चौथऱ्याला चिकटून बसलेला. त्यानं अडथळा आहे म्हणून नाल्यातच एक क्लब (बॉल मारायची काठी) लांबीभर बाजूला ड्रॉप घेतला, म्हणजे बॉल उचलून हातानं खाली सोडला, आणि मारला, तर नंतर दंड म्हणून दोन स्ट्रोक (फटके) वाढवले. बाहेर असा चौथरा आडवा आला तर फुकट, म्हणजे बिनदंडाची, सूट मिळते ना, मग इथं का नाही? आणि पाणी तर नव्हतंच की!

उत्तर : पोराला वाईट वाटलं असणार, पण निकाल बरोबरच आहे.

आधी पाण्याचं. आपल्याकडं एप्रिलात नाल्यात पाणी शोधूनसुद्धा सापडत नाही, पण नियम पाणी बघत नाही, हद्द बघतो. 2019 ला नियम बदलले तेव्हापासून वॉटर हॅझर्डला (नाल्या-तळ्यासारख्या खुणा केलेल्या जागेला) पेनल्टी एरिया म्हणतात, आणि खुंट्यांच्या आत बॉल आला की तो तिथलाच, मग खाली चिखल असो की भेगाळलेली जमीन.

आता अडथळा, म्हणजे माणसानं केलेली वस्तू. हातानं सहज उचलता येतो का, एवढंच बघायचं. ठिबकच्या नळीचा तुकडा, रिकामी बाटली, सहज उपटणारी लाल खुंटी, हे नाल्यातसुद्धा बिनधास्त बाजूला करा, करताना बॉल हलला तरी दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. पण चौथरा, बंधाऱ्याची भिंत, पूल असलं पक्कं काही असेल तर बॉल नाल्यात असताना फुकट सूट नाहीच. अनप्लेएबल (बॉल मारण्याजोगा नाही) पण म्हणता येत नाही तिथं. त्यानं ड्रॉप घेतला ती जागाच चुकीची ठरली, म्हणून दोन.

त्याच्यापुढं रस्ते होते. आहे तसा मारायचा (क्लब जमिनीला टेकवला तर आता चालतं, आधी दंड होता), नाहीतर एक स्ट्रोक देऊन बॉल जिथून आत शिरला तिथून दोन क्लबच्या आत, होलच्या जवळ न जाता, बाहेर ड्रॉप. किंवा तोच एक स्ट्रोक देऊन, मागचा फटका जिथून मारला तिथं जाऊन परत मारायचा. एकातच भागलं असतं हो!

बाभळीच्या काडीचं मात्र पोराला नक्की सांगा. तुटून पडलेली काडी, सुटा दगड नाल्यातसुद्धा उचलता येतो, पण काडी बॉलला टेकलेली असेल आणि दोन बोटांनी ओढताना बॉल अर्धा इंच जरी सरकला तर एक स्ट्रोक गेला, आणि बॉल परत जागेवर ठेवावा लागतो. नळीला माफी आहे, काडीला नाही, इथं चांगले चांगले फसतात.

अजून एक, बॉल नाल्याबाहेर आहे आणि तोच आतला चौथरा उभं राहायला नाहीतर स्विंगला आडवा येतोय, तर सूट फुकट मिळते. बॉल कुठं आहे ते महत्त्वाचं, चौथरा कुठं आहे ते नाही. आणि नाल्यात बॉलजवळ साप दिसला तर जिवाशी खेळू नका, तिथं नाल्यातच सुरक्षित जागी फुकट ड्रॉप मिळतो. काट्यांना ही सवलत नाही.

पुढच्या वेळी शंका आली आणि रेफरी जवळ नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत) दोन बॉल खेळता येतात. मारायच्या आधी सोबतच्याला सांगायचं की दोन खेळतोय आणि कुठल्या बॉलचा स्कोअर धरायचा, आणि स्कोअरकार्ड द्यायच्या आधी कमिटीला सांगायचं, दोन्हींचा स्कोअर सारखा आला तरीसुद्धा.