मॅज सायर्सचं नाव घेऊन लेक हट्टाला पेटलीय

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी नववीत आहे, पुण्यात सहा वर्षं रोलरवर, म्हणजे चाकांच्या बुटांवर, आर्टिस्टिक स्केटिंग करतीये, आता बर्फावरच जायचंय म्हणते, घरचे म्हणतात यात पुढे काय आहे, आणि ती उत्तर म्हणून मॅज सायर्स या जुन्या ब्रिटिश फिगर स्केटरचं नाव सांगते.

नाव तिने भारी शोधलंय हो! 1902 ला लंडनमध्ये फिगर स्केटिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, सगळे पुरुष, पण बायकांनी खेळू नये असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून मॅजने सरळ नाव दिलं आणि स्वीडनच्या उल्रिख साल्कोच्या मागे दुसरी आली. लगेच पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग फेडरेशनने बायकांना बंदी घातली, एक कारण काय तर लांब स्कर्टमुळे पाय दिसत नाहीत! तेव्हा बर्फावर ब्लेडने आठचा आकडा काढायचा, पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून जायचं आणि जज वाकून त्या रेघा बघायचे, त्यामुळे पायांवर बरेच मार्क. मॅज आखूड स्कर्ट घालायला लागली. 1904 ला ब्रिटिश चॅम्पियनशिपमध्ये तर तिने स्वतःच्या नवऱ्याला, एडगरला हरवलं. 1906 ला बायकांची वेगळी स्पर्धा निघाली, ती 1906 आणि 1907 दोन्ही वर्षं हिनेच जिंकली, आणि 1908 ला लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड, शिवाय एडगरबरोबर पेअर्समध्ये, म्हणजे जोडीच्या स्पर्धेत, ब्राँझ.

पण लेकीला पुढचंही वाचायला लावा. 27 व्या वर्षी तब्येतीमुळे खेळ सुटला आणि 35 व्या वर्षी ती गेली. इतकी मोठी खेळाडू, पण खेळ किती लवकर संपला. म्हणून माझं स्पष्ट मत, स्केटिंग सोडायला लावू नका आणि शाळाही सोडू देऊ नका.

रोलरवर ती फरशीवर रंगवलेल्या गोलांवरून फिगर्स, म्हणजे तसेच आठचे आकडे, करतच असेल, ती एजची, म्हणजे कडेवर झुकून जायची, सवय बर्फावर कामाला येते, वाया काहीच जात नाही. दहावी होईपर्यंत पुण्यातच चालू ठेवा. देहरादूनला ऑलिम्पिक मापाची इनडोअर रिंक आहे, मे महिन्याच्या सुट्टीत तिथे सेशन मिळतंय का ते फोन करून विचारा आणि तिकीट काढायच्या आधी रोजचा खर्च कागदावर मांडा. क्लबमध्ये लहान मुलांना शिकवायला सरांना आत्तापासून मदत करू दे, कारण कोचिंग आणि जजिंग याच खेळातली कामं आहेत आणि ती वयाने संपत नाहीत.

आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तिला नक्की काय हवंय ते मला तिच्याकडून ऐकायचंय.