आईला गोव्यात फ्रेंच मासळीचं जेवण द्यायचंय? आधी वार पाहा

सुट्टीवर गोव्याला आलात, आईला एकदा उत्तम फ्रेंच रेस्तराँत न्यायचंय. टेबल ठरवण्याआधी घरातलं कॅलेंडर बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी तिचा वार कोणता? संकष्टी मध्ये येते का? डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार हमखास आडवे येतात. जून-जुलैत येणाऱ्यांची अडचण याहून मोठी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे पानात येणारा समुद्राचा मासा बहुधा गोठवलेला. जन्मभर कल्ले उघडून मासा पारखलेल्या बाईला ते पहिल्या घासाला कळतं. बंदी उठेपर्यंत श्रावण लागलेला तरी असतो, नाहीतर तोंडावर आलेला. दसऱ्यानंतर मार्चपर्यंतचे दिवस उत्तम.

टेबल दुपारचंच घ्या. तीन टप्प्यांच्या जेवणाला दोन-अडीच तास लागतात, आणि आठला जेवून गोळ्या घेणारं माणूस रात्री मुख्य पदार्थ येईपर्यंत थकून जातं. जेवणाआधीचं इन्सुलिन घरून घेऊन निघू नका. पदार्थ यायला उशीर झाला की साखर उतरते.

आई वाइन घालून शिजवलेलं खात नसेल तर ते फोनवरच सांगा. माशाचा स्टॉक (काट्या-डोक्यांचं उकळलेलं पाणी) आणि बिस्क (कोळंबी-शेवंडीचं दाट सूप) आधीच तयार असतात, टेबलावर बसल्यावर त्यातून काही काढता येत नाही. बिस्कमध्ये बहुधा कोन्याक ही ब्रँडी असते. ब्यर ब्लाँ हा सॉस तर पांढरी वाइन आटवून, त्यात लोणी फेटूनच होतो. शिजवल्यावर मद्य सगळं उडून जातं असं सांगून तिला खायला लावू नका, थोडं उरतंच. गोडात जिलेटिन आहे का तेही विचारा, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. क्रेम ब्रूले अंड्याचं असतं, पण त्याला जिलेटिन लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: फ्रेंच मेनूत ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे.

आईसाठी आमची पहिली पसंती म्युनियेर. मासा मैद्यात घोळवून लोण्यात परततात, वर तपकिरी झालेलं लोणी, लिंबू, पार्सली. मूळ कृतीत वाइन नाही, आणि रवा लावून भाजलेल्या माशाची सवय असलेल्या जिभेला तो चटकन आवडतो. पारंपरिक मासा सोल, हा चपटा मासा. इथे लेपो (इथला सोल) किंवा चणाक (जिताडा) ताजा मिळतो का, ते विचारा. बुयाबेस हा मार्सेयचा रस्सा केशर, टोमॅटो, बडीशेपेच्या कंदाचा. त्यात ना नारळ, ना सोलं (आमसुलं), आणि बरोबर भात नाही, पाव. हे आधी सांगितलं नाही तर ती त्यात हुमण, म्हणजे आपली माशाची आमटी, शोधत बसेल. शिनाण्या (मसल्स) कशा खायच्या हे तिला शिकवावं लागणार नाही. रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीची खायची, हीच तिथली रीत. मात्र वाइनशिवाय करायला सांगा. कच्ची कालवं वयस्कर माणसांना, त्यातही मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर, अजिबात देऊ नका. त्यांतल्या व्हिब्रिओ जंतूंचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

चुकतं ते बहुधा शिजवण्यावरून. मासा कोरडा पडू नये म्हणून फ्रेंच स्वयंपाकी तो मध्ये किंचित पारदर्शक असतानाच उतरवतात. आईला तो कच्चाच वाटणार. परत पाठवून पुन्हा तापवला की चिवट होतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘पूर्ण शिजवा’ म्हणा.

शेवंड (लॉबस्टर) किंवा अख्खा मासा मेनूवर १०० ग्रॅमच्या भावाने असेल तर शिजवण्याआधी वजन विचारा. ८०० ग्रॅमची शेवंड म्हणजे आठपट रक्कम, आणि त्यात कवचाचं वजनही तुम्हीच भरता. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. बिल टेबलावर मागवू नका, काउंटरवर जाऊन भरा. आकडा दिसला की तेवढ्यात किती इसवण (सुरमई) आला असता याचा हिशेब ती घरी पोचेपर्यंत करत राहील.

आणि रात्रीसाठी घरी भात-हुमण ठेवा. भाताशिवाय तिला जेवल्यासारखं वाटणार नाही.