विचारा तर खरं : पार्वती नमनात आणायची कशी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकाच सिनेमाबद्दल आहेत : वसंत सबनीसांनी लिहिलेला, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’. म्हणून आधी तीच घेतली.

आमच्या नमनात (कोकणातल्या लोकनाट्यात) गवळणीतल्या मावशीच्या जागी ‘बनवाबनवी’तली पार्वती आणली. काम करणारा मुलगा स्त्रीपार्टात मुरलेला आहे, तरी हशा आला नाही. चुकलं कुठे? (नमन मंडळ, गुहागर तालुका)

मुलगा मुरलेला आहे हीच अडचण. कोकणातल्या प्रेक्षकाला पुरुषाने लुगडं नेसण्याचं अप्रूप नाही. दशावतारात आणि नमनात तो पिढ्यान्‌पिढ्या तेच पाहत आलाय आणि तिथे स्त्रीपार्ट करणारा जितका सफाईदार तितकी त्याला दाद. सिनेमात उलट आहे. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती बाई वाटत नाही, तरी घरमालकीण लीलाबाई काळभोरांना ती बाईच वाटते. गंमत या दोहोंमधल्या फटीत आहे. तुमच्या मुलाने ती फट लिंपून टाकली.

साडी नीट नेसवा, अंबाडाही नीट घाला. पण चाल पुरुषाचीच राहू द्या. आवाज बारीक ठेवा आणि भीती किंवा राग आला की तेवढाच खाली घसरू द्या. प्रत्येक वाक्याला घसरला तर तिसऱ्या वाक्यानंतर कोणी हसत नाही. दुसरं म्हणजे रंगमंचावरच्या बाकीच्यांनी ती बाई असल्यावर शंभर टक्के विश्वास ठेवायचा. गवळणीतला पेंद्या गालात हसला की संपलं. सगळा प्रवेश पाच मिनिटांच्या आत आवरा, आणि ही पार्वती आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे.

त्यासाठी सिनेमातल्या माधुरीसारखी लिंबू कलरची साडी घेतली असेल तर एक सांगायला हवं. हॅलोजनच्या पिवळट उजेडात फिका लिंबू रंग मागच्या रांगेला पांढरा दिसतो आणि निळा एलईडी पडला की मळकट. गडद हळदी रंगाची, रुंद काळपट काठाची साडी घ्या. संवादात ‘लिंबू कलर’ म्हटलं की लोकांना ती लिंबूच दिसते.

वगात ‘वारलेल्या सत्तर रुपयां’चा विनोद घ्यायचा आहे. आता सत्तर रुपयांना काय किंमत? सात हजार करावे का? (मंडणगड)

करू नका. सत्तर ही ओळखीची खूण आहे. आकडा बदलला की सिनेमा आठवायचाच थांबतो. खरा विनोद तर आकड्यात नसून क्रियापदात आहे. ‘वारले’ हे आपण माणसाबद्दल, तेही आदराने म्हणतो. तोच मान पैशाला दिला की हसू फुटतं. ‘बुडाले’ म्हणालात तर ती नुसती तक्रार होईल.

बदलायचंच असेल तर पैसे देणारा बदला. सिनेमात मधुमेहावरच्या औषधासाठी पैसे दिलेले असतात. तुमच्याकडे मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने आंब्याच्या पेटीसाठी विसार दिलेला दाखवा. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्यालाही विसार बुडण्याचं दुःख कळतं. त्यामुळे प्रवेश दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना पुरतो. नंतर हशा ओसरेपर्यंत थांबा. उघड्यावर हशा रेंगाळतो, आणि टांगलेल्या माइकमधून पुढचं वाक्य त्यात विरून जातं. पुढच्या वाक्यात कथानकाची माहिती असेल तर वग तिथून भरकटतो.

गाजलेले संवाद मालवणीत डब करून रील करतो. ओठ जुळत नाहीत. (कुडाळ)

सगळी अक्षरं जुळवायला जाऊ नका, ओठ मिटणारी जुळवा : प, फ, ब, भ, म. पडद्यावर ओठ मिटलेले आणि कानावर ‘आ’ आला तर लगेच खटकतं. बाकीचं डोळा चालवून घेतो. मूळ ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ घ्या. ‘धनंजय माने हयच रवतत काय?’ यात ‘माने’ जागच्या जागी राहतं आणि लांबीही जवळपास तेवढीच भरते. ‘हयसरच’ केलंत तर दोन अक्षरं वाढतात आणि ‘काय’ तोंड मिटल्यावर येतं.

‘हा माझा बायको पार्वती’ तर मालवणीत जास्तच खुलतं, कारण पुल्लिंगाचा ओकार कानाला ठळक लागतो : ‘ह्यो माजो बायल पार्वती’. डबिंग करणारे पुष्कळदा इथे नकळत व्याकरण सुधारून ‘ही माजी बायल’ म्हणतात. झाली चूक दुरुस्त, आणि विनोद गेला. लिहिताना त्या ओळीखाली रेघ मारून ठेवा.

हे सगळं करताना कॉपीराइटचं काय? (राजापूर)

१९५७च्या आपल्या कायद्यात विडंबन हा शब्द वेगळा दिलेला नाही. कलम ५२मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी उचित वापराला मुभा आहे आणि विडंबनाचा बचाव बहुधा त्यातूनच मांडला जातो. तुमच्या उपयोगाची सवलत त्याच कलमात आहे : हौशी मंडळाने तिकीट न लावलेल्या प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेलं साहित्य, नाट्य वा संगीतकृतीचं सादरीकरण. तिकीट लावून मंडळासाठीच पैसे जमवलेत तर ही सवलत मिळत नाही. सिनेमाचं मूळ ध्वनिमुद्रण स्पीकरवर वाजवणं निराळं आणि प्रयोगाचं चित्रण नेटवर टाकणं त्याहून निराळं. म्हणून गाणं स्वतः म्हणा, संवाद स्वतःचे लिहा आणि ओळखीपुरत्या एक-दोन ओळीच मूळच्या ठेवा.

डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) सिनेमाच्या चालीवर देवाच्या नावाचा गजर बांधला. म्हणताना शब्द ओढावे लागतात आणि पखवाज पुढे पळतो. (कणकवली)

ओढाताण होते ती दीर्घ सुरावर ऱ्हस्व अक्षर बसवल्यामुळे. मूळ ओळ लिहून तिच्या खाली मात्रा मांडा, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे पडते तिथे खूण करा आणि देवाचं नाव त्या खुणेवर आणा. पखवाज पळतो त्याचं कारण वेगळं. सिनेमाच्या बऱ्याच चाली समेवर सुरू होत नाहीत, अर्धी-एक मात्रा सोडून उठतात. वादकाला ती रिकामी जागा हाताने मोजून दाखवा. आणि बाईच्या आवाजातलं गाणं असेल तर पट्टी आधी ठरवा : चार-पाच स्वर खाली घ्यावं लागेल. पखवाज एका पट्टीत लागलेला असतो, बारी उभी राहिल्यावर हातोडीने गठ्ठे ठोकून सूर बदलत बसायला वेळ नसतो.