रद्दीतून आलेली मुखपृष्ठं आणि चित्रकाराच्या मुलीची नोटीस

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, राहणार सातारा. 2017 साली पुण्याच्या जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडून चौदा चित्रं साडेचार हजारांना घेतली. बंद पडलेल्या एका मराठी मासिकाची ही मूळ मुखपृष्ठं. पाच 1954 ते 1957 मधली, बाकीची 1960 नंतरची. मागच्या डिसेंबरात गावातल्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन मांडलं. सहा चित्रांची शुभेच्छापत्रं छापली आणि दोनशे संच दीडशे रुपयांना एक असे विकले. आता चित्रकाराच्या नाशिकच्या मुलीनं वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : सगळी चित्रं पंधरा दिवसांत परत करा आणि पाच लाख भरपाई द्या. चित्रकार 1978 साली वारले. मुंबईची एक गॅलरी यातली तीन चित्रं प्रत्येकी साठ हजारांना मागते आहे. चित्रकार घरून काम करत, पगारी नोकर नव्हते. शुभेच्छापत्रांच्या मांडणीत बसेना म्हणून खालची सही मी कापली होती. चित्रांच्या पाठीमागचे फोटो सोबत आहेत. मी चोर ठरतो का? चित्रं विकू शकतो का? इतकी वर्षं झाली, आता मुदत गेली ना?

उत्तर:

नमस्कार सर. आधी तुमची झोप उडवणाऱ्या शब्दाबद्दल. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा (तुमच्या खरेदीच्या वेळी भारतीय दंड संहितेचं कलम 411, आता भारतीय न्याय संहितेचं 317) लागायला माल चोरीचा असावा लागतो, आणि तो चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं. तुम्ही भर बाजारात पैसे मोजले आणि गावासमोर स्वतःच्या नावानं प्रदर्शन मांडलं. तुम्ही चोर नाही. चित्रांचे मालक आहात का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचं उत्तर चित्रांच्या पाठीवर शोधावं लागेल.

तुम्ही पाठवलेले पाठीमागचे फोटो मी बराच वेळ पाहत बसलो. पेन्सिलीत लिहिलेली रुंदी, ब्लॉकमेकरच्या (छपाईचा ठसा करणाऱ्याच्या) खुणा, कोपऱ्यात महिना आणि साल. खिळ्यांच्या, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून करायच्या, छपाईच्या काळात चित्रकार बोर्डावर (जाड पुठ्ठ्यावर) छापायच्या आकारापेक्षा मोठं चित्र करून द्यायचा. ब्लॉकमेकर जाळीतून त्याचा फोटो घेऊन प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक करायचा. ब्लॉक तयार झाला की मूळ चित्राचं काम संपलं. ते छापखान्याच्या कपाटात पडायचं. काही चित्रकार आठवणीनं परत न्यायचे, पण बहुतेकांना पुढच्या महिन्याच्या कामाची घाई असायची. करारपत्र क्वचितच व्हायचं, व्हाउचरवर फार तर 'मुखपृष्ठाबद्दल' एवढंच. तुमचा सगळा तंटा या एका शब्दात अडकला आहे. ते पैसे चित्राचे होते, की चित्र छापायला दिल्याचे?

पैसे चित्राचे असतील तर प्रकाशक मालक झाला, त्याच्या वारसांनी ते रद्दीत काढलं आणि साखळी सरळ तुमच्यापर्यंत आली. चित्र नुसतं ब्लॉकसाठी दिलं असेल तर प्रकाशकाकडं ती ठेव होती, आणि ठेव रद्दीत घालायचा हक्क त्याला नव्हता. मालविक्री कायद्याच्या कलम 27 चा साधा नियम असा की विकणाऱ्याकडं जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. उघड्या बाजारात रोख पैसे देऊन घेतलं म्हणून मालकी आपोआप पक्की होत नाही.

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर असते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 110 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 113 आहे. म्हणजे चित्रं परत घ्यायच्या बोलीनं दिली होती हे मुलीला दाखवावं लागेल. वडिलांची वही किंवा संपादकाचं एखादं पत्र तिच्याकडं असू शकतं. नोटिशीत तसा उल्लेख नाही.

'इतकी वर्षं झाली, आता मुदत गेली' असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यावर विसंबू नका. ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याकडून तिसऱ्यानं विकत घेतली, तर ती परत मागायची मुदत तीन वर्षं आहे, पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद 71 प्रमाणं ती मोजायची विक्री कळल्यापासून. तिला ती तुमच्या प्रदर्शनामुळं कळली असेल तर मुदत आत्ता कुठं सुरू झाली आहे.

आता छपाईचा हक्क. बोर्डाची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या चिजा आहेत. उद्या चौदाही बोर्ड तुमचेच ठरले, तरी शुभेच्छापत्रं छापायचा हक्क त्यातून मिळत नाही. चित्रकार 1978 मध्ये गेले, म्हणजे पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं मोजून 31 डिसेंबर 2038 पर्यंत कॉपीराइट शाबूत आहे.

तो कुणाचा, हे तुमच्या बाबतीत चित्राच्या सालावर ठरतं, आणि नोटीस लिहिणाऱ्या वकिलांच्याही हे लक्षात आलेलं दिसत नाही. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, पण लागू झाला 21 जानेवारी 1958 रोजी. त्याच्या कलम 17 प्रमाणं कुणी पैसे देऊन सांगून रंगचित्र करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला कॉपीराइट करून घेणाऱ्याचा. त्याआधी चालणाऱ्या 1911 च्या ब्रिटिश कायद्यात ही सवलत फक्त व्यक्तिचित्र, छायाचित्र आणि कोरीव मुद्रणचित्रापुरती होती. त्यामुळं 1954 ते 1957 मधल्या तुमच्या पाच मुखपृष्ठांचा कॉपीराइट, लेखी लिहून दिला नसेल तर, चित्रकाराकडंच राहिला आणि आज तो वारसांचा आहे. चित्रकार घरून काम करत होते, पगारी नोकर नव्हते, असं तुम्ही लिहिलंय, ते धरून मी हे सांगतोय. नंतरच्या नऊ चित्रांवर प्रकाशकाचे वारस हक्क सांगू शकतील. पण चित्रकारानं आधी आपल्या मनानं चित्र केलं आणि संपादकानं ते मागाहून पसंत केलं, तर ते 'सांगून करून घेतलेलं' होत नाही. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी कॉपीराइट तुमचा नाही.

शुभेच्छापत्रांच्या सहांपैकी चार चित्रं पन्नाशीच्या दशकातली आहेत. तिथं तुमची बाजू पडती आहे, हे स्पष्ट सांगतो. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, असं सिद्ध झालं तर भरपाई टळते आणि पुढं छापायला-विकायला मनाई व झालेला नफा देणं, एवढ्यावर भागतं. पण चित्रकार कोण हे तुम्हाला ठाऊक होतं, त्यामुळं हा बचाव लंगडा आहे. तीस हजार जमा झाले, त्यातून छपाईचा खर्च वजा करून हिशेब तयार ठेवा. पाच लाखांचा आकडा मला या विक्रीशी जुळणारा वाटत नाही. उरलेले संच विकणं आजच थांबवा.

मला जास्त खुपली ती वेगळी गोष्ट. मांडणीत बसेना म्हणून तुम्ही खालची सही कापून छापलीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणं कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कलावंताचा असतो. कॉपीराइट विकला तरी तो उरतो आणि त्याच्या माघारी वारस तो बजावू शकतात. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उतरवलं आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही दिल्ली उच्च न्यायालयानं 2005 मध्ये अवशेष शिल्पकाराला परत द्यायला लावले, वर पाच लाख भरपाई दिली. म्हणून फ्रेमसाठी बोर्डांच्या कडा कापू नका. पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, तो तुमचा पुरावाही आहे. रंग उडालाय म्हणून कुणाकडून हात फिरवून घेऊ नका.

आता प्रदर्शन. कृती लोकांपुढं आणायचा हक्कही कॉपीराइटवाल्याचा, आणि त्याची कायद्यातली व्याख्या सैल आहे. लोकांना कृती पाहायला उपलब्ध करणं तिच्यात बसू शकतं. पुढचं प्रदर्शन परवानगी घेऊनच मांडा.

विक्री तूर्त नको. मालकीचा वाद चालू असताना गॅलरीला 'माझंच आहे' असं लिहून दिलंत, तर उद्या गॅलरीही तुमच्यावर येईल. वाद मिटल्यावर विकाल तेव्हा कॉपीराइट कायद्याचं कलम 53अ ध्यानात असू द्या. मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं आणि चित्रकारच कॉपीराइटचा पहिला हक्कदार असला, तर त्याला किंवा वारसांना किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. साठ हजारांवर सहा हजार. त्या घरानं ही चित्रं जगाला दिली, त्या मानानं ही रक्कम मोठी नाही. गॅलरीचा ग्राहक परदेशी निघाला तरी पुरावस्तू कायद्याची अडचण येऊ नये : चित्रं शंभर वर्षांची नाहीत, आणि ज्या मोजक्या कलावंतांच्या कृती सरकारनं राष्ट्रीय ठेवा म्हणून निर्यातीला बंद केल्या आहेत त्यांत हे चित्रकार नाहीत.

पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, गप्प बसू नका. चित्रं जशीच्या तशी सांभाळली आहेत, विकणार नाही आणि छापणार नाही, मालकीचा दावा अमान्य आहे, चर्चेची तयारी आहे, एवढं त्यात पुरे. रद्दीवाल्याला गाठून त्यानं माल कुणाकडून उचलला हे लिहून घ्या. ही विचारपूस उद्यावर ढकलू नका.

नोटिशीच्या चौथ्या परिच्छेदात एक वाक्य आहे : वडिलांच्या हातचं एकही मूळ चित्र कुटुंबाकडं उरलेलं नाही. सर, मी ते दोनदा वाचलं. नाशिक साताऱ्याहून एका दिवसात गाठता येतं. उत्तर गेल्यावर, दोन्हीकडच्या वकिलांना सांगून, चौदाही चित्रांचे चांगले स्कॅन घेऊन त्या बाईंना भेटा. पन्नाशीच्या दशकातली दोन-तीन मूळ चित्रं त्यांना द्या, शुभेच्छापत्रांचा नफा द्या, आणि बाकीच्या चित्रांवर त्यांचा दावा नाही, प्रदर्शनाला त्यांची संमती आहे, असं सही करून घ्या. मसुदा मला पाठवा, मी पाहून देईन.