कारण कुठं लिहिलंय?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पडवीत बसला होतास तेव्हा मागं रस्त्यावरनं कुणीतरी तुला हाक मारली. तू मान वळवली नाहीस. खुर्चीचे दोन्ही हात धरून कमरेपासून सगळाच्या सगळा वळलास, उसाची ट्रॉली वळवावी तसा. साडीच्या दुकानाच्या पिशवीतले तुझ्या अपंगत्व पेन्शनचे कागद मी नंतर वाचले. माझं वाचन तिथंच झालं होतं.

मग तू विचारलंस, "मेजर, सोडून देऊ का? वडील म्हणतात, हातपाय धड आहेत, सरकारपुढं हात पसरायचे नाहीत." मी गप्प बसलो, कारण वडील शेजारीच होते आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. आता लिहितो.

तुझ्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर काय आहे? सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, सी-फाइव्ह सी-सिक्स, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांची झीज. अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी. सेवेमुळं झालं का? नाही. सेवेनं वाढलं का? नाही. आणि त्यापुढं, जिथं कारण लिहायचं असतं तिथं, एक ओळ: शरीरप्रकृतीचा दोष, सेवेशी संबंध नाही. हे कारण झालं? आंबा आंबट का, तर तो आंबट आहे म्हणून. निकालच दुसऱ्यांदा लिहिलाय, एवढंच. तुझं पहिलं अपील फेटाळलं त्या पत्रातही तीच ओळ उतरवलीय. आणि तू त्या ओळीला उत्तर द्यायचं सोडून दोन पानं गाऱ्हाणं लिहिलंस. मुलांच्या फिया, विहिरीचं कर्ज! कशाला? दया नाही मागायची. कारण विचार.

धरमवीर सिंग नावाच्या जवानाचं प्रकरण तुला माहीत पाहिजे. १९८५ला सिग्नल कोअरमध्ये भरती, १९९४ला फिट्स येतात म्हणून बाहेर. अपंगत्व २० टक्के. बोर्डाची ओळ तुझ्यासारखीच, शरीरप्रकृतीचा दोष. २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं विचारलं की भरतीच्या वेळी हा माणूस धडधाकट होता, कागदावर काही नोंद नव्हती, मग आजार सेवेतला नाही हे कशावरून? बोर्डानं कारण दिलंच नव्हतं. पेन्शन मिळाली. त्याचा आजार मेंदूचा, तुझा मानेचा. पण प्रश्न तोच. २०२५लाही कोर्टानं हेच पुन्हा सांगितलं, कारणाशिवाय बोर्डाचं मत टिकत नाही.

अपंगत्व सेवेतलं धरायचं की नाही, त्या नियमांचं थोडक्यात सांगतो. १९८२चे होते, मग २००८चे आले, आणि २१ सप्टेंबर २०२३पासून नवे. तू २०२२ला बाहेर पडलास, तेव्हा तुला २००८चे. त्यातही सिद्ध करायचं ओझं साधारणपणे अर्जदारावर टाकायचं नाही असंच आहे. सुटल्यावर १५ वर्षांनी दावा केलास तर मात्र ते तुझ्या डोक्यावर येतं. गावात तुझ्याबरोबर सुटलेला जो कुणी म्हणतो ना, 'बघू पुढं निवांत,' त्याला हे सांग. नवे नियम तुझ्या त्या मेव्हण्याला लागतील, तुला नाहीत. व्हॉट्सअॅपवरचं वाचून घाबरू नकोस.

आता बोर्डाची बाजूही ऐक, कारण अपिलात तिलाच उत्तर द्यायचंय. मणक्यांमधली चकती वयानं झिजते, सुकते. कधी फौजेत न गेलेल्या दुकानदाराच्या एक्स-रेतही झीज दिसते. म्हणजे बोर्डाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण तुझी मेडिकल कॅटेगरी पहिल्यांदा खाली आली तेव्हा तू एकतीस वर्षांचा होतास. त्याआधी बारा वर्षं तू डोंगरातल्या रस्त्यांवर अडीचटनी ट्रक चालवलीस, डोक्यावर गोळी अडवणारा पटका, प्रत्येक खड्डा मानेत. ही झीज एकतिसाव्या वर्षी का आली? तुला वकिलासारखं लिहायला नको. भरतीचं मेडिकल, दरवर्षीचं मेडिकल, पोस्टिंगच्या तारखा, कॅटेगरी खाली आल्याची तारीख, हे चारही एकाखाली एक मांड आणि शेवटी तो प्रश्न विचार. 'सेवेमुळं झालं' हेच पाहिजे असं नाही, 'सेवेनं वाढलं' एवढं ठरलं तरी पुरतं. तू पहिल्या अपिलात त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस.

आणि तो एजंट. म्हणे सियाचीनला घसरून पडलो असं लिही. पडला होतास? नाही. इंज्युरी रिपोर्ट आहे? नाही. मग? रेकॉर्ड ऑफिसात तुझं प्रत्येक पोस्टिंग लिहिलेलं असतं रे. खोट्या पडण्यापायी खरी मान घालवशील. त्याचा फोन आला तर उचलू नकोस.

माझं एक सांगायचंय. इतकी वर्षं घरातही सांगितलेलं नाही.

मी क्लार्क होतो हे तुला माहीत आहे. तीन वर्षं एका हॉस्पिटलात बोर्डाचे कागद टाइप करायला होतो. ती ओळ माझ्या बोटांना पाठ होती. नाव वेगळं, आजार वेगळा, ओळ तीच. १९९७च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातला, माण तालुक्यातला एक पोरगा आला, तोफखान्यातला. कंबरेची चकती सरकलेली. स्टुलावर बसवेना म्हणून भिंतीला टेकून उभा होता. कागद वाचला आणि मला मराठीत विचारलं, "साहेब, नाही असं लिहिलंय, पण का नाही ते कुठं लिहिलंय?" मी म्हणालो, "सही कर, गाडी चुकेल." त्यानं केली.

मी तरी काय करणार होतो? मत डॉक्टरांचं, सही साहेबांची, मी हवालदार क्लार्क. माझं काम स्पेलिंग बघायचं. अर्जदाराला सिद्ध करायला लावायचं नाही, शंकेचा फायदा त्याला द्यायचा, हे १९८२च्या नवव्या नियमात लिहिलेलं होतं, पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. ठाऊक होतं. पुस्तक माझ्याच कपाटात होतं. मला पाचची ट्रक गाठायची होती.

त्या पोराचा प्रश्न मी आज तुला शिकवतोय. माझं स्वतःचं त्यात काही नाही.

म्हणून वडिलांच्या लाजेचं मला सांगू नकोस. फौज म्हणजे आपल्याकडं अब्रू, कबूल. आपल्या साताऱ्याच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, इंग्रजानं त्याची नोंद दगडात करून ठेवली. मेलेल्यांसाठी दगड मिळतो, मग जित्या माणसाच्या मानेसाठी दोन ओळींचं कारण मागणं ही लाज कशी? तूही सतरा वर्षं अंगावर काढत राहिलास. सिक रिपोर्टला गेलास, ब्रुफेन घेतलीस, अटेंड सी, म्हणजे हलक्या कामाची चिठ्ठी, मिळालं तर मित्र हसतील म्हणून मागितलं नाहीस. मान दुखते म्हणायला लाज, कारण विचारायला लाज. पुरे आता.

पैशाचं एकदा बोलून घेऊ, तू विचारायला संकोचलास. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. तुझे २० टक्के ठरले तर राउंड ऑफ होऊन ५० धरतात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के, नेहमीच्या पेन्शनशिवाय. मुदत संपवून घरी आलेल्यालाही हे राउंड ऑफ लागतं, डिसेंबर २०१४मध्ये राम अवतारच्या प्रकरणात कोर्टानं ते मिटवलं. पण आधी 'नाही'चं 'होय' झालं पाहिजे. ते होईपर्यंत त्या आकड्यावर ट्रॅक्टर बुक करू नकोस.

फेटाळल्याचं पत्र हाती येऊन तुला चार महिने झाले. दुसऱ्या अपिलाला सहा महिने असतात. तिथंही नाही म्हणाले तर मुंबईचं सैन्यदलांचं ट्रिब्युनल, त्यालाही सहाच महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण माफी मागत आत शिरायचं कशाला? भरतीच्या मेडिकलची नक्कल तुझ्याकडं नाही. ती रेकॉर्ड ऑफिसकडून माहितीच्या अधिकारात मागव, दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज सोमवारीच टाक. नक्कल यायची वाट बघत अपील थांबवू नकोस, मागाहून जोडता येते. सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मार, फॉर्म ते तपासून देतील.

गुरुवारी सकाळी ये. मसुदा मी केलाय, तारखांच्या जागा मोकळ्या सोडल्यात, त्या तुझ्या हातानं भर. एमआरआयची फिल्म परवासारखी दुमडून आणू नकोस, तिला आधीच एक घडी पडलीय, नेमकी मानेवरनं. आणि मोटरसायकल नको. मागनं येणारी गाडी बघायला मान वळावी लागते. एसटीनं ये, वडिलांनाही आण. मसुदा मला त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचाय.

तुझा,
मेजर
(सुभेदार होतो रे, गावानं बढती दिलीय.)