४ जुलैच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या) परेडला दीड आणि चार वर्षांची मुलं आणि भारतातून आलेले सासू-सासरे, सगळ्यांना घेऊन जावं का?

जरूर जा. फक्त परेड पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचीच, हा हट्ट घरी ठेवून जा. आम्ही न्यू इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या टाउनची परेड गेली सहा वर्षं बघतोय आणि शेवटपर्यंत थांबलोय एकदाच. त्या दिवशी धाकटा रस्त्यात आडवा झाला होता. दीड वर्षाच्या बाळाला चाळीस-पन्नास मिनिटं पुष्कळ झाली.

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण ब्रिस्टलला जा म्हणतेय. र्‍होड आयलंडमधल्या ब्रिस्टलचा सोहळा १७८५ पासून चालू आहे, तिथे रस्त्याच्या मधली रेघसुद्धा लाल-पांढरी-निळी रंगवलेली आहे. बघण्यासारखं आहेच, पण मुलं पाच-सहा वर्षांची झाली की जा. आत्ता आपल्या टाउनचीच बरी. शाळेचा बँड, दोन ट्रॅक्टर, सजवलेल्या सायकली, आगीचे बंब. चार वर्षांच्या मुलीला याहून जास्त काही नकोच असतं.

सगळा खेळ जागेचा आहे. परेड चालत येते, म्हणजे तासाला दोन-अडीच मैल. दोन मैलांच्या रस्त्याच्या शेवटाला बसलात तर दहाची परेड तुमच्यापुढे यायला अकरा वाजतात, आणि तोवर खाऊ, पाणी आणि मुलांचा मूड तिन्ही संपलेलं असतं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात बसा. दुसरं उन्हाचं. सकाळी दहाला ऊन पूर्वेकडून येतं. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पूर्वेकडच्या फुटपाथवर झाडांची आणि घरांची सावली मिळते, समोरचे लोक मात्र तोंडावर ऊन घेत बसतात. तिसरं गाडीचं. रस्ते एकदा बंद झाले की गाडी आत अडकते, तेव्हा ती परेडच्या रस्त्याच्या बाहेर, घराच्या दिशेला आणि तुम्ही बसणार त्याच बाजूला लावा. मध्येच उठायचं तर परेड ओलांडून जाता येत नाही, हे आम्हाला रडणारं पोर कडेवर घेऊन कळलं.

फोल्डिंगच्या खुर्च्या लोक आदल्या रात्रीच फुटपाथवर मांडून जातात. काही टाउनमध्ये त्याला वेळेचं बंधन असतं, तेवढं वेबसाइटवर बघून घ्या. बाबा (माझे सासरे) पहिल्या वर्षी रात्रभर त्याच विचारात. "चार खुर्च्या उघड्यावर टाकून आलात? आणि कोणी नेणार नाही?" सकाळी खुर्च्या होत्या तिथेच होत्या. त्यांनी तरी मोजून बघितल्या.

आवाजाचं मात्र हलक्यात घेऊ नका. आमच्याकडे कंटिनेंटल आर्मीच्या (स्वातंत्र्ययुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या) जुन्या वेशातली मंडळी येतात, आणि दर थोड्या अंतरावर थांबून बंदुकांचे बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू. पण बार तो बारच. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. पहिल्या बाराला ती नुसतीच थिजली, दुसऱ्याला आईंनी (सासूबाईंनी) तिचं तोंड आपल्या पोटाशी धरून दोन्ही कानांवर पदर गच्च दाबला. पुढची दहा मिनिटं ती त्या पदरातूनच एका डोळ्यानं परेड बघत होती. दुसऱ्या वर्षी इअरमफ घेतले. बंबाचा सायरन जवळून ११० डेसिबलच्या वर जातो, आणि मुलांना तर बंबाच्या अगदी पुढ्यातच उभं राहायचं असतं. इअरमफ आठवडाभर आधी घरात घालायला द्या, नाहीतर बाळ आयत्या वेळी फेकून देतं.

आता कँडी. फ्लोटवरून (सजवलेल्या गाड्यांवरून) मुठी भरभरून उधळतात, आणि मुलं चाकांचा विचार न करता धावतात. काही टाउननी म्हणूनच उधळणं बंद करून चालत हातात द्यायची पद्धत ठेवली आहे. तुमच्याकडे उधळत असतील तर थोरलीसाठी एक मोठं माणूस वेगळं नेमा, ज्याच्याकडे दुसरं काही काम नाही. फोटोसुद्धा काढायचे नाहीत त्यानं. गोल कडक गोळ्या आणि चिवट टॉफ्या दीड वर्षाच्या तोंडात जाता कामा नयेत, घशात अडकतात; चार वर्षांचीलाही बसवूनच द्या. मी पर्समध्ये मऊ खाऊ ठेवते, "ते दे, हे घे" चालतं. घरात शाकाहारी असाल तर गमी आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, तेही बघा.

बाकी सामान तुम्हाला माहीत आहेच: टोप्या, दर दोन तासांनी सनस्क्रीन, बर्फ घातलेलं पाणी. खायला आई तिखट-मिठाच्या पुऱ्या करतात, त्या ना सांडतात ना उन्हात खराब होतात. डायपर सुटलेल्या मुलीसाठी छोटी पॉटी गाडीत ठेवा, पोर्टेबल टॉयलेटच्या रांगेत ती थांबणार नाही. आजी-आजोबा ब्लड प्रेशरची गोळी घेत असतील तर पाण्याकडे त्यांच्यासाठीही लक्ष द्या. आपण मुलांना दर पंधरा मिनिटांनी पाजतो आणि म्हातारी माणसं "नको, मग लागेल" म्हणून तशीच बसून राहतात.

आणि हरवण्याची तयारी मुलांसाठी करता तशीच त्यांच्यासाठीही करा. मी मुलांच्या दंडावर मार्करनं फोन नंबर लिहिला होता, सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढला होता. हरवले बाबा. टॉयलेट शोधत गेले, परत येताना गर्दीत आमची जागा सापडेना, आणि फोनमध्ये भारतातलं सिम, रोमिंग बंद. अर्ध्या तासानं ते चर्चच्या पायरीवर भेटले, शेजारी लाल टोपीवाला एक म्हातारा. तो श्रायनर्स या सेवाभावी संस्थेतला होता, ती मंडळी परेडमध्ये एवढ्याशा गाड्या चालवतात. त्याची गाडी बंद पडली होती, बाबांना वाट सापडत नव्हती, आणि दोघं निवांत लिंबूसरबत पीत बसले होते. आम्ही इकडे घामाघूम! तेव्हापासून त्यांच्या खिशात आमचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असते आणि "चुकलो तर चर्चची पायरी" हे निघतानाच ठरतं.

एक लक्षात असू द्या, सुरुवातीला झेंडा घेऊन पथक जातं तेव्हा सगळे उठून उभे राहतात, टोप्या काढतात. आपणही उठायचं. बाबांना सांगावंही लागलं नाही.

रात्रीच्या फटाक्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नवरा विचारेल. जुलैत अंधार पडून ते सुरू व्हायला नऊ-सव्वानऊ होतात. एकाच दिवशी दोन्ही नको. आम्ही पहिली तीन वर्षं फटाके घरातूनच ऐकले, खिडक्या लावून, धाकट्याच्या खोलीत पंखा मोठा करून.